स्कीटमध्ये धूळ उडाली तरी लॉस्ट का देतात? आणि वाकडं टार्गेट आलं तर नक्की करायचं काय?

नवा_स्कीटवाला

मंडळी, स्कीट (म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या, म्हणजेच टार्गेट्स, शॉटगनने फोडायचा खेळ) सुरू करून फार काळ झालेला नाही, प्रॅक्टिसला बरं चाललंय पण स्पर्धेत उतरलं की रेफरी काय बोलतो आणि का बोलतो यातलं निम्मं डोक्यावरून जातं, म्हणून इथे विचारतोय, कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

परवाच्या मॅचला ५ नंबर स्टेशनवर (उभं राहून मारायच्या आठ जागांपैकी एक) डबल होता, म्हणजे हाय हाउस आणि लो हाउस या दोन बाजूंच्या मशीनच्या खोल्यांमधून एकदम दोन टार्गेट्स. लो हाउसचं टार्गेट मस्त फुटलं, मग हाय हाउसच्या टार्गेटवर फायर केलं तर त्यातून धुळीचा छोटासा फवारा उडालेला मला स्वच्छ दिसला, म्हणजे छर्रा लागला ना? तरी रेफरी म्हणाले लॉस्ट, म्हणजे चुकलं, गुण नाही. मी गोंधळून स्टेशनवरून उतरलो, तोवर पुढच्या शूटरचं फायर पण झालं. राउंड संपल्यावर म्हटलं मैदानातून ते टार्गेट शोधून आणतो, त्याला भोक पडलेलं नक्की सापडेल, तर तेही नाही म्हणाले.

त्याच राउंडला ६ नंबरवर लो हाउसचं सिंगल (एकटं टार्गेट) आलं ते डुगडुगत आलं, नेहमीपेक्षा खाली पण वाटलं. गन खांद्याला लावली पण फायर केलं नाही, वाटलं रेफरी नो टार्गेट देतील, म्हणजे ते धरणार नाहीत आणि पुन्हा मिळेल. पुन्हा लॉस्ट! मशीनचा दोष असेल तर त्याचा मार मी का खायचा?

आणि आमच्या स्क्वॉडमधल्या (एकत्र शूट करणाऱ्या गटातल्या) एका मुलाला गन लवकर उचलली म्हणून आधी यलो कार्ड दाखवलं आणि पुढे दोन स्टेशनं झाल्यावर टार्गेट फुटलेलं असताना लॉस्ट दिलं. फुटलेलं टार्गेट लॉस्ट कसं होऊ शकतं?

पॅरिस ऑलिम्पिकच्या महिला फायनलमध्ये पण असंच काहीतरी झालं होतं ना, त्यावरही कोणी लिहिलं तर बरं होईल. एवढ्या मोठ्या लेव्हलला असं होत असेल तर आपण कुठे दाद मागायची?

---

चौथं_स्टेशन

प्रश्न चांगले आहेत आणि खरं सांगू का, हे स्पर्धेत उतरण्याआधी शिकवायला पाहिजे पण बहुतेक ठिकाणी नेम आणि स्विंग शिकवतात, नियमांचं कोणी बोलत नाही. मी बरीच वर्षं रेफरी म्हणून उभा राहतोय त्यामुळे त्या बाजूने सांगतो.

आधी धूळ. आंतरराष्ट्रीय नियमात हिट म्हणजे काय हे एका ओळीत आहे. टार्गेट नियमाप्रमाणे सुटलं, त्यावर नियमाप्रमाणे फायर झालं आणि त्याचा निदान एक तुकडा डोळ्याला दिसेल असा वेगळा झाला, तर हिट. नुसती धूळ उडाली आणि टार्गेट अख्खं पुढे गेलं तर लॉस्ट, आणि ही गोष्ट नियमात वेगळी लिहूनच ठेवलीय म्हणजे रेफरीने मनाने काढलेला अर्थ नाही तो. म्हणजे छर्रा लागला का हा प्रश्नच नाहीये मुळात, तुकडा सुटलेला दिसला का हा प्रश्न आहे.

आता असं होतं कसं ते बघ. टार्गेट ११० मिमी व्यासाचं, २५ मिमी उंचीचं, साधारण १०५ ग्रॅमचं, चुनखडीची पूड आणि पिच मिसळून केलेलं असतं आणि वरून रंग मारलेला. तुझ्या २४ ग्रॅमच्या काडतुसात ९ नंबरचे छर्रे असतील तर ते जवळपास ५०० भरतात. त्यातला एखादाच छर्रा तिरका घासून गेला तर रंग आणि वरचा थर खरवडला जातो, तीच तुला दिसलेली धूळ. कधी छर्रा आरपार जातो, बारीक भोक पडतं आणि टार्गेट स्वतःभोवती फिरत शांतपणे पुढे निघून जातं. पॅटर्नच्या (छर्ऱ्यांच्या पसरलेल्या झोताच्या) मधोमध सापडलं असतं तर त्याचा चुरा झाला असता, आणि तसा अख्ख्या टार्गेटचा काळा ढग झाला तर तो अर्थातच हिट, तिथे कोणी तुकडा शोधत बसत नाही. लोक या दोन गोष्टींत घोळ घालतात म्हणून मुद्दाम सांगितलं.

मला हा नियम योग्य वाटतो. धूळ उजेडावर अवलंबून असते, सूर्य समोर असला की चिमूटभर धूळ पण चमकते आणि ढगाळ दिवशी मागे हिरवी झाडं असली की तेवढीच धूळ कोणालाच दिसत नाही. सकाळच्या स्क्वॉडला हिट आणि दुपारच्या स्क्वॉडला लॉस्ट असं व्हायला नको. तुकडा दिसणंही उजेडावर असतं हे मान्य, पण तुकड्याला आकार असतो, तो टार्गेटपासून वेगळ्या दिशेने जाताना दिसतो.

बघायचं काम एकट्या मुख्य रेफरीचं नसतं. दोन सहाय्यक रेफरी बाजूंना असतात, टार्गेट लॉस्ट वाटलं की त्यांनी लगेच खूण करायची असते. शेवटचा निर्णय मात्र मुख्य रेफरीचा. शूटरला स्वतःला सगळ्यात चांगलं दिसतं हा समज डोक्यातून काढ. फायर करताना तुझी नजर नळीच्या रेषेत असते, गन मागे धक्का देते, गाल हलतो. टार्गेटच्या पलीकडच्या कडेचा तुकडा उडाला तर तो तुझ्यापासून लपलेला असतो पण बाजूच्या रेफरीला दिसतो. म्हणूनच तुला धूळ दिसणं आणि तिघांपैकी कोणालाच तुकडा न दिसणं हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता तू जिथे हक्क गमावलास ते सांगतो. निर्णय पटला नाही तर तिथल्या तिथे, पुढच्या शूटरने फायर करायच्या आत, हात वर करायचा आणि प्रोटेस्ट म्हणायचं. मोठ्याने. मग रेफरीला थांबावंच लागतं, तो दोन्ही सहाय्यकांना विचारतो आणि मग निर्णय सांगतो. एकदा पुढचा शॉट झाला की संपलं, नंतर कितीही चांगला मुद्दा असला तरी कोणी ऐकणार नाही. आणि विचारून झाल्यावर रेफरीने जे दिलं ते अंतिम. हिट, लॉस्ट, नो टार्गेट यांवर ज्युरीकडे जाता येत नाही. स्कोअरशीटवर चुकीचं लिहिलं गेलं असेल तर ती वेगळी बाब, त्यासाठी राउंड संपल्यावर स्कोअर वाचतात तेव्हा कान देऊन ऐकायचं, गन पुसत बसायचं नाही.

मैदानातलं टार्गेट उचलून पुरावा म्हणून आणणं नियमानेच बंद आहे. विचार कर, तिथे दिवसभराची कितीतरी न फुटलेली टार्गेट्स पडलेली असतात, त्यातलं तुझं कुठलं हे कोण ठरवणार? आणि समजा तुझंच सापडलं, भोक पण सापडलं, तरी तुकडा सुटलेला नसेल तर नियमाने ते लॉस्टच.

---

काडतूस_२४

चौथं स्टेशन दादांनी पहिल्या प्रश्नाचं सविस्तर लिहिलंच आहे, मी दुसऱ्याचं लिहितो कारण शिकवताना माझं सगळ्यात जास्त बोलणं यावरच होतं.

भावा, टार्गेट बरोबर होतं की नाही हे तू ठरवत नाहीस, रेफरी ठरवतो. नियमित टार्गेटवर फायर केलं नाही तर लॉस्ट. तुला वाटलं वाकडं आहे आणि रेफरीला वाटलं सरळ आहे तर सरळच. तू गप्प उभा राहिलास म्हणजे रेफरीच्या दृष्टीने तू फक्त फायर करायचं राहिलास, तुझ्या मनात काय चाललंय ते त्याला कसं कळणार. टार्गेट नाकारायचं असेल तर लगेच हात वर करून कारण सांगायचं, त्याला पटलं तर पुन्हा मिळेल आणि नाही पटलं तर लॉस्ट, हा धोका पत्करूनच नाकारायचं. आणि एकदा ट्रिगर ओढलास की मग ट्रॅक वाकडा होता ही तक्रार धरत नाहीत, लागलं तर लागलं आणि सुटलं तर सुटलं.

म्हणून मी माझ्या पोरांना सांगतो की शंका आली की फायर कर. कारण उड्डाणाला मोकळीक असते, अगदी एका दोरीत सगळी टार्गेट्स जात नसतात. आंतरराष्ट्रीय स्कीटला हाय हाउसमधून टार्गेट ३.०५ मीटर उंचीवरून निघतं, लो हाउसमधून १.०७ मीटरवरून, आणि दोन्हींनी ८ नंबर स्टेशनच्या पुढे ५.५० मीटरवर असलेल्या एका काल्पनिक कड्यातून जायचं असतं. त्या कड्याचा मध्य जमिनीपासून ४.६० मीटरवर आणि व्यास ९० सेंटीमीटर. पूर्ण उडालं तर ६८ मीटर, एक मीटर इकडे तिकडे. आता ९० सेंटीमीटरच्या कड्यात टार्गेट वरच्या कडेने गेलं काय आणि खालच्या कडेने गेलं काय, दोन्ही नियमात बसतं, पण ६ नंबरवरून बघताना तुला ते "नेहमीपेक्षा खाली" वाटणारच. डुगडुगण्याचं म्हणशील तर डुगडुगणं वेगळं आणि मार्ग सोडणं वेगळं. रेफरी मार्ग बघतो. वारा असेल तर अजूनच, कारण मशीन सेट करतात तेव्हाचा वारा आणि तुझ्या वेळचा वारा सारखा नसतो, समोरून वारा आला की टार्गेट वर उचलल्यासारखं होतं आणि पाठीमागून आला की दाबलं जातं. त्यात मशीनचा काही दोष नाही. राउंडच्या सुरुवातीला टार्गेट्स दाखवतात ना, तेव्हा बरेच जण काडतुसं मोजत असतात. तेव्हा बघून ठेवायचं त्या दिवशी कुठून जातायत.

काही बाबतीत मात्र वादच नाही, नो टार्गेट म्हणजे नो टार्गेट. मशीनमधून फुटूनच बाहेर आलं, कॉल (टार्गेट सोडा म्हणून शूटरने दिलेला आवाज) देण्याआधीच सुटलं, चुकीच्या हाउसमधून आलं, सिंगलला दोन आली, किंवा रंगच स्पष्ट वेगळा होता. फुटून आलेल्याचा मोठा तुकडा समोर जाताना दिसला की हात शिवशिवतात, पण त्यावर मारून काही मिळत नाही, पुन्हाच घ्यावं लागतं. कॉल दिल्यापासून ० ते ३ सेकंदांत कधीही टार्गेट सुटू शकतं, टायमर स्वतः वेळ निवडतो, ते मुद्दाम तसं ठेवलंय. ३ सेकंदांच्या वर गेलं तर नो टार्गेट. नवीन मुलांना दोन-अडीच सेकंद इतके लांब वाटतात की ती गन खाली घेतात किंवा मागे वळून बघतात आणि नेमकं तेव्हाच टार्गेट निघतं. तो लॉस्ट तुझाच. अजिबात हलायचं नाही, रेफरीचा आवाज येईपर्यंत.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. गन चाललीच नाही, क्लिक झालं आणि फायर झालं नाही, तर गन उघडायची नाही. सेफ्टीला पण हात लावायचा नाही. नळी मैदानाकडेच ठेवून तसंच उभं राहायचं, रेफरी येऊन तपासेल. बिघाड खरा निघाला तर टार्गेट पुन्हा मिळतं, एका राउंडला असे दोन बिघाड धरतात. पण तू आधीच गन उघडलीस तर बिघाड होता हे कोणी सिद्ध करू शकत नाही आणि लॉस्ट मिळतो. सेफ्टी काढायची राहिली किंवा काडतूसच भरलं नव्हतं, तर तो बिघाड नव्हे. चांगली चांगली पोरं रागाच्या भरात खटकन गन उघडतात आणि हक्काचं टार्गेट घालवतात, मला फार वाईट वाटतं बघताना.

---

नवा_स्कीटवाला

दोघांनाही मनापासून धन्यवाद, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. हात वर करून प्रोटेस्ट म्हणायचं हे माहितीच नव्हतं, मला वाटायचं रेफरीला विचारलं की त्यांना राग येतो.

आता डबलचं पण सांगा ना. ४ नंबरला दोन्ही टार्गेट्स मधे एकमेकांजवळून जातात, तिथे एकाच शॉटमध्ये दोन्ही फुटली तर दोन हिट मिळतात का? आणि एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की गन आधीच खांद्याला लावून उभं राहिलं तरी चालतं, त्याने तसं शूट केलेलं आहे म्हणे.

---

जुना_शॉटगनर

तुझा ओळखीचा माणूस खोटं बोलत नाहीये, तो अमेरिकन स्कीट खेळलेला असणार. तिथे गन खांद्याला लावून कॉल देता येतो आणि कॉल दिला की टार्गेट लगेच सुटतं, तो ० ते ३ सेकंदांचा टांगता प्रकार नाही. टार्गेटही हळू, ६० यार्ड म्हणजे साधारण ५५ मीटर जाईल असं सेट करतात. क्रम पण निराळा आहे, १ ते ८ प्रत्येक स्टेशनला दोन्ही हाउसची सिंगल्स, डबल फक्त १, २, ६ आणि ७ ला, आणि २५ वा शॉट म्हणजे ऑप्शन, पहिलं टार्गेट जिथे चुकेल ते तिथेच लगेच पुन्हा घ्यायचं.

ऑलिम्पिकवाल्या स्कीटमध्ये क्रम वेगळा. १, २ आणि ३ ला हाय हाउसचं सिंगल आणि डबल, ४ ला दोन सिंगल्स, ५ आणि ६ ला लो हाउसचं सिंगल आणि डबल, ७ ला नुसता डबल, मग परत ४ ला येऊन दोन डबल, आणि ८ ला दोन सिंगल्स. बेरीज केलीस तर २५ येतात. मी दोन्ही खेळलोय, मैदान एकच, तोच १९.२ मीटर त्रिज्येचा अर्धगोल, पण खेळ दोन आहेत आणि एकाचे नियम दुसऱ्यात आणले की भांडणं होतात. धुळीचा नियम मात्र तिकडेही तोच आहे, धूळ उडाली आणि तुकडा नाही म्हणजे लॉस्ट.

स्पर्धेला जाताना कुठल्या नियमाने आहे ते पत्रकात बघून जा, रेंजवर ऐकलेल्या गोष्टींवर जाऊ नकोस.

---

चौथं_स्टेशन

बरोबर. राहिलेलं मी पूर्ण करतो, आधी गनची पोझिशन कारण तिसरा प्रश्न तसाच राहिलाय.

आंतरराष्ट्रीय नियमात कॉल देताना गन दोन्ही हातात आणि बट (गनचा खांद्याला लावायचा मागचा भाग) खाली, अंगाला टेकलेलं. जॅकेटवर २५ सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद अशी काळ्या कडेची पिवळी पट्टी असते ती कशासाठी तर बटचं खालचं टोक तिथे आहे हे रेफरीला मागून दिसावं यासाठी. टार्गेट दिसेपर्यंत गन तिथून हलवायची नाही. तुमच्या त्या मुलाने टार्गेट दिसायच्या आत गन उचलली, पहिल्या वेळी ताकीद मिळाली, तेच ते यलो कार्ड. त्याच राउंडमध्ये पुन्हा तेच केलं तर लॉस्ट, टार्गेटचा चुरा झाला असला तरी. कारण हिटच्या व्याख्येतच आहे की फायर नियमाप्रमाणे झालं पाहिजे. त्याला अडीच सेकंदांची वाट सहन होत नसणार, हात आपोआप वर जातो. आरशासमोर उभं राहून कोणाला तरी उशिरा टाळी वाजवायला सांगायची आणि टाळीनंतरच गन उचलायची, असा सराव केला की जातं ते. पाय पण बघतो आम्ही, दोन्ही पाय पूर्ण स्टेशनच्या चौकोनात हवेत.

४ नंबरचा डबल. एकाच शॉटमध्ये दोन्ही फुटली तर दोन हिट नाही मिळत, नो टार्गेट, आणि पूर्ण डबल पुन्हा, दोन्ही शॉट नव्याने मोजायला. दुसरा प्रकार असा की तू मारलंस पहिल्यावर, पहिलं चुकलं आणि त्याच शॉटने चुकून दुसरं फुटलं. इथे पहिलं लॉस्ट कायम राहतं आणि डबल पुन्हा घेतात तो फक्त दुसऱ्याचा निकाल काढायला. पुन्हा घेताना पण पहिल्यावर प्रामाणिकपणे फायर करायचं असतं, सोडून द्यायचं नाही. आणि क्रम उलटा केलास, म्हणजे हाय हाउस आधी घ्यायचं असताना लो हाउसवर पहिला शॉट मारलास, तर दोन्ही लॉस्ट. ४ नंबरला दोन डबल असतात, एकात हाय आधी आणि दुसऱ्यात लो आधी, तिथे डोकं ठिकाणावर नसलं की एका झटक्यात दोन गुण जातात. मी बघितलंय की अनुभवी शूटर तिथे कॉल देण्याआधी नळी ज्या हाउसकडे न्यायची तिकडे एकदा मुद्दाम नजर टाकून येतात.

हद्दीचं पण लक्षात ठेव. हाउसच्या तोंडापासून ४०.३ मीटरच्या आत फुटलं पाहिजे, त्यापलीकडे फोडलंस तर लॉस्ट. ८ नंबरला तर अजून कमी, ४ आणि ८ ला जोडणारी मधली रेषा ओलांडायच्या आत.

आता पॅरिस. ४ ऑगस्ट २०२४, शातोरूची रेंज, महिला स्कीटची फायनल. चिलीची फ्रान्सिस्का क्रोव्हेत्तो आणि ब्रिटनची अँबर रटर दोघी ६० पैकी ५५ वर बरोबरीत आल्या आणि शूटऑफ (बरोबरी सोडवायची जादा फेरी) लागला. त्यात रटरच्या एका टार्गेटला रेफरीने लॉस्ट दिलं. तिने तिथेच आक्षेप घेतला, अधिकाऱ्यांशी बोलली, पण निर्णय बदलला नाही. क्रोव्हेत्तो ७-६ ने जिंकली, चिलीच्या महिलेचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण, आणि रटरला रौप्य. टीव्हीच्या रिप्लेत टार्गेटला छर्रा लागल्यासारखं दिसत होतं म्हणून जगभर गदारोळ झाला. काही स्पर्धांना व्हिडिओ बघायची सोय असते, तिथे ती नव्हती.

फायनलला टार्गेटमध्ये रंगीत पावडर भरलेली असते, पावडर दिसली की हिट, त्यामुळे लोकांना वाटतं चूक व्हायला जागाच नाही. पण पावडर असते मधल्या भागात. छर्रा कडेला लागून कडेचाच कपचा उडाला तर पावडर बाहेर येईलच असं नाही, आणि मग परत तोच जुना प्रश्न, कपचा डोळ्याला दिसला का. उलट पावडरच्या सवयीने डोळा रंगाची वाट बघतो आणि बारीक कपचा नजरेतून निसटायची शक्यता वाढते असं माझं मत आहे. मी त्या रेफरीला दोष देणार नाही, तिथे उभं राहून एका क्षणात सांगायचं असतं. पण सुवर्णपदक ठरणार असेल आणि कॅमेरे तिथे लागलेलेच असतील तर ते बघायची मुभा रेफरीला असलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. रेफरीलाही घरी जाऊन झोप लागली पाहिजे.

---

स्कोअर_ताई

मी शूट करत नाही, माझी मुलगी करते, मी स्कोअर लिहायला आणि गरज पडली की सहाय्यक रेफरी म्हणून उभी राहते. वरच्यांनी नियम सांगितलेत, मी बघायचं कसं ते सांगते कारण ते शूटरलाही उपयोगी पडतं.

शॉटचा आवाज आला की बहुतेकांची नजर शूटरकडे वळते. ती वळू द्यायची नाही. टार्गेट जमिनीला लागेपर्यंत त्याच्यावरच ठेवायची, कारण बारीक कपचा शॉट झाल्यावर लगेच नाही दिसत, तो टार्गेटपासून थोडा मागे पडला की मगच वेगळा दिसतो. टार्गेट फिरत असतं त्यामुळे कड तुटलेली असेल तर त्याचं फिरणं बिघडतं, ते लटपटायला लागतं किंवा एकदम खाली बसतं. नुसतं लटपटलं म्हणून हिट देता येत नाही, पण लटपटलं की मी त्याच्या मागच्या हवेत अजून नीट बघते.

तुम्ही म्हणालात ना की रेफरीला विचारलं तर राग येतो असं वाटायचं. मी दोन्ही बाजूंनी उभी असते म्हणून सांगते, वेळेवर आणि नीट विचारलं तर राग येत नाही. माझ्या मुलीने एकदा हात वर केला, मुख्य रेफरीने मला विचारलं, मी म्हटलं मला तुकडा दिसला नाही, लॉस्ट कायम राहिलं. ती गाडीत माझ्याशी बोलली नाही घरी पोचेपर्यंत, पण हात वर करायला ती आता घाबरत नाही. पुढे एका मॅचला दुसऱ्या बाजूच्या रेफरीला तुकडा दिसला होता, मुख्य रेफरीला सूर्यामुळे दिसला नव्हता, तिने हात वर केला आणि निर्णय बदलला. हात वर केला नसता तर त्या माणसाला कोणी विचारलंच नसतं.

तुमच्या ५ नंबरच्या टार्गेटचं आता काही होणार नाही. पण एक दिवस स्पर्धेला शूट न करता नुसतं सहाय्यक रेफरीच्या मागे उभं राहायची परवानगी मागा, बहुतेक ठिकाणी देतात. प्रत्येक टार्गेटला रेफरी बोलायच्या आत मनातल्या मनात हिट, लॉस्ट म्हणायचं आणि जिथे तुमचं आणि त्यांचं जमलं नाही ते स्टेशन आणि हाउस वहीत लिहून ठेवायचं, राउंड संपला की विचारायचं. हाय हाउसची लांब जाणारी टार्गेट्स त्यात सगळ्यात जास्त निघतील.

---

नवा_स्कीटवाला

ताई, हे करतोच. पुढच्या स्पर्धेला माझा स्क्वॉड दुपारी आहे, सकाळी रिकामाच आहे, आयोजकांना आजच फोन करून विचारतो. आणि चौथं स्टेशन दादा, टाळीचा सराव त्या मुलाला सांगितलाय, त्याचे वडील टाळ्या वाजवायला तयार झालेत.